गड्ड्यात केलेला ओव्हरक्लॉक मे महिन्यात का झोपतो

प्रश्न थोडक्यात असा. सोलापुरातलाच एक तरुण लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. मशीन आय५-१२६००के, झेड६९० बोर्ड, आरटीएक्स ३०६० कार्ड, प्रोसेसरवर बसणारा एका टॉवरचा एअर कूलर आणि ६०० व्हीएचा यूपीएस. जानेवारीत, गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत, कुठलासा व्हिडिओ बघून त्याने ओव्हरक्लॉक केलं, म्हणजे प्रोसेसर कारखान्याच्या वेगापेक्षा जोरात पळवला: सगळे मोठे कोअर (प्रोसेसरमधले जड काम करणारे भाग) ५.१ गिगाहर्ट्झला लावले आणि व्होल्टेज १.३५ वर फिक्स केलं. मार्चपर्यंत छान चाललं. एप्रिल लागला तसं रेंडर अर्ध्यावर आला की कधी निळी स्क्रीन येते, तर कधी मशीन खटकन बंद पडतं. "काका, पाण्याचा कूलर नको, गळतीची भीती वाटते. एअरवरच सुरक्षित होईल का, का नाद सोडून देऊ?"

नाद सोडू नकोस. ५.१ मात्र सोड. जानेवारीत तू जे तपासलंस ते जानेवारीपुरतंच खरं होतं, आणि सोलापुरात जानेवारी फार दिवस टिकत नाही.

एअर कूलर प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड कधीच करू शकत नाही. प्रोसेसर त्या हवेपेक्षा किती अंश वर राहील, एवढंच त्याच्या हातात असतं. खोली २२ ची ३८ झाली की प्रोसेसरही १६ अंशांनी वर चढतो, किंबहुना थोडा जास्तच, कारण तापलेली चिप जास्त वीज गळवते. म्हणून व्हिडिओतल्या माणसाचं "मला ७५ दिसतंय" हे वाक्य, त्याच्या खोलीचं तापमान कळल्याशिवाय, तुझ्या काहीच कामाचं नाही. तो एसीत बसलेला असतो. आपण पत्र्याखाली नाहीतर मे महिन्यात दिवसभर तापलेल्या स्लॅबखाली बसलेलो असतो.

आता तुझंच मशीन कागदावर मांडू. प्रोसेसर खातो ती वीज फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात वाढते, आणि व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात. तुझा प्रोसेसर कारखान्याच्या सेटिंगवर, सगळे मोठे कोअर कामाला लागल्यावर, साधारण ४.५ ला चालतो. समज, तेव्हा व्होल्टेज १.१५ आहे आणि वीज १२५ वॅट. तू ५.१ केलंस आणि लोडवर १.३२ च्या आसपास व्होल्टेज ठेवलंस. (बायॉसमध्ये, म्हणजे बोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, १.३५ लिहिलं तरी लोड आल्यावर ते थोडं बसतं, त्याबद्दल पुढे.) फ्रिक्वेन्सी १३ टक्के वाढली. व्होल्टेजचा वर्ग जवळजवळ ३२ टक्के वाढला. दोन्हींचा गुणाकार केला तर वीज दीडपट होते, म्हणजे १२५ ची १८७ वॅट. तेरा टक्के वेगासाठी पन्नास टक्के जास्त वीज!

एका टॉवरच्या बऱ्या कूलरला माझ्या टेबलावर दर वॅटमागे साधारण ०.३५ अंश पडतात. १८७ वॅटला हे झाले ६५ अंश, तेही खोलीच्या वर. गड्ड्याच्या दिवसांत रात्री खोली २२ ला असेल तर प्रोसेसर ८७ ला. गरम, पण चालतं. मे महिन्यात दुपारी खोली ३८ ला असेल तर १०३. आणि या प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० आहे. म्हणजे तुझा ओव्हरक्लॉक मेमध्ये चालूच शकत नव्हता. शिवाय कॅबिनेटच्या आतली हवा खोलीपेक्षा चार-पाच अंश गरम असते, ती मी अजून धरलेलीच नाही.

इथे एक गोष्ट नीट वेगळी कर. नुसत्या उष्णतेने आजचा प्रोसेसर सहसा बंद पडत नाही. १०० ला टेकला की तो स्वतःच वेग पाडतो आणि रेंडर रेंगाळतो, एवढंच. निळी स्क्रीन येते ती त्या वेगाला, त्या तापमानात, मिळणारं व्होल्टेज अपुरं पडतं म्हणून. ६० अंशाला ५.१ साठी पुरलेलं व्होल्टेज ९५ ला पुरेलच असं नाही. आणि "खटकन बंद" हा तिसराच आजार आहे, तो बहुतेक वेळा प्रोसेसरचा नसतो. तुझा ६०० व्हीएचा यूपीएस खरा भार साधारण ३६० वॅटचाच उचलतो. प्रोसेसर १८७, कार्ड १७०, बोर्ड-ड्राइव्ह-पंखे मिळून चाळीस-पन्नास, मॉनिटर तीसेक. बेरीज केलीस तर पॉवर सप्लायमधली गळती न धरताच सव्वाचारशेच्या वर जाते. दुपारी लाइटने नुसता डोळा मारला, यूपीएस बॅटरीवर गेला आणि भार बघून त्याने मान टाकली. असं माझ्याकडे दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी "प्रोसेसर गेला" म्हणून घेऊन येतं. प्रोसेसर ठणठणीत असतो.

म्हणून बायॉसला हात लावायच्या आधी दोन कामं कर.

पहिलं, कॅबिनेट उघडून साफ कर. हे आपल्या गावात सांगावं लागू नये, पण लागतं. साखर पेठ, अशोक चौक या बाजूला घराशेजारी माग असतील तर हवेत सुताची बारीक कुसळं असतात. साधी धूळ फुंकली की उडते. सूत उडत नाही, ते कूलरच्या पात्यांवर थर धरून बसतं आणि दोन वर्षांत त्याचं अक्षरशः नमद्यासारखं पटल होतं. मागच्या वर्षी एका मशीनच्या कूलरवरून मी असं पटल चिमट्याने उचललं, तर ते पोस्टकार्डाएवढं अख्खं निघून आलं. त्या मशीनचं तापमान तेवढ्यानेच १४ अंश उतरलं. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेव, मोकळं भिंगरीसारखं फिरू देऊ नकोस, बेअरिंग खराब होतं. पुढच्या जाळीवर धुता येणारा फिल्टर लाव, आणि आत हवा ओढणारे पंखे बाहेर फेकणाऱ्यांपेक्षा एकाने जास्त ठेव. मग हवा फिल्टरमधूनच आत येते, फटींमधून नाही.

कूलर काढलाच आहेस तर पेस्ट नवीन लाव. जुनी पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणारं कापड. बाराव्या पिढीचा प्रोसेसर लांबट आहे, त्यामुळे मधोमध एकच ठिपका ठेवलास तर कडा कोरड्या राहू शकतात. लांबीच्या दिशेने एक रेघ ओढ, किंवा पातळ पसरून घे. स्क्रू कोपऱ्याच्या समोरचा कोपरा असे, थोडे थोडे आवळ. आणि कूलरच्या तळाला लावून आलेला प्लॅस्टिकचा पापुद्रा काढ. हसू नकोस. नवी पेठेत बसून मी दोन मशीन अशी उघडली आहेत, ज्यांत तो पापुद्रा वर्षभर तसाच होता. त्यातलं एक माझ्याच हातचं होतं.

खसाच्या कूलरबद्दलही सांगून टाकतो, कारण आपल्याकडे नुसतं "कूलर" म्हटलं की आधी तोच डोळ्यांपुढे येतो. खोलीत तो असेल तर उत्तमच, सोलापूरच्या कोरड्या हवेत तो खोली बरीच उतरवतो आणि ते अंश थेट प्रोसेसरच्या तापमानातून वजा होतात. फक्त मशीन त्याच्या झोताच्या तोंडाशी ठेवू नकोस. ओली हवा आणि सूत एकत्र आलं की कूलरच्या पात्यांत चिखल होतो आणि तो ब्लोअरलाही दाद देत नाही.

दुसरं काम, कारखान्याच्या सेटिंगवर मोजमाप. बायॉस डिफॉल्ट कर, रॅमचं एक्सएमपीही (रॅमला जादा वेग देणारी सेटिंग) तात्पुरतं बंद ठेव. नाहीतर उद्या क्रॅश झाल्यावर रॅमला धरायचं की प्रोसेसरला, हे कळणार नाही. भिंतीवरचं साधं तापमापक मशीनच्या पुढच्या जाळीजवळ ठेव. मशीनचे आकडे दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडून प्रोसेसरचा कस बघणारं सिनेबेंच आर२३ दहा मिनिटं चालव आणि वहीत पाच आकडे लिही: खोली, प्रोसेसर पॅकेज, लोडवरचं व्हीकोअर, वॅट, स्कोअर. तुझ्या प्रोसेसरचा स्कोअर साडेसतरा हजारांच्या आसपास यायला हवा. त्याच्या बराच खाली असेल तर ओव्हरक्लॉकचा विचार बाजूला ठेव, आधी तिथे काय अडलंय ते शोध. एचडब्ल्यूइन्फोमध्ये व्हीआयडी आणि व्हीकोअर असे दोन आकडे दिसतील. व्हीआयडी ही प्रोसेसरची मागणी, व्हीकोअर म्हणजे पदरात पडलेलं व्होल्टेज. तू व्हीकोअरच बघायचं.

हे सगळं दुपारी दोन ते चारच्या दरम्यान कर. रात्री अकराला केलेली चाचणी मी धरत नाही. मेच्या दुपारी जे टिकेल ते वर्षभर टिकतं. उलटं होत नाही.

आता बायॉस. सर्वांत आधी वरचं छत बांध, मग मजले चढव. पीएल१ आणि पीएल२, म्हणजे प्रोसेसरने सतत आणि थोडा वेळ किती वीज खावी याच्या मर्यादा, दोन्ही १५० वॅट. बरेच बोर्ड ही मर्यादा गुपचूप उघडी सोडतात, त्यामुळे "ऑटो" वर भरवसा ठेवू नकोस. तापमानाची मर्यादा १०० वरून ९० ला आण. आता तुझा अंदाज चुकला तरी मशीन फार तर हळू होईल.

मग वेग. सगळ्या कोअरना एकच फिक्स आकडा देऊ नकोस. तुझा प्रोसेसर हलक्या कामात आपणहून ४.९ पर्यंत जातो. तू सगळीकडे ४.८ ठोकलंस तर टाइमलाइनवर इकडेतिकडे सरकताना तो कारखान्यापेक्षा मागे पडेल, आणि ओव्हरक्लॉक करून मशीन मंद केल्याचं पुण्य पदरी पडेल. किती कोअर कामात आहेत त्यानुसार वेग ठरवायची सोय बायॉसमध्ये असते. तिथे एक-दोन कोअरना ५.०, आणि सगळे लागले की ४.८. छोटे कोअर आणि रिंग (कोअरना आतून जोडणारा मार्ग) आहे तिथेच राहू दे. बेस क्लॉक, म्हणजे सगळ्या वेगांचा पाया, १०० मेगाहर्ट्झवरून हलवू नकोस.

व्होल्टेज फिक्स नको, अ‍ॅडॅप्टिव्ह ठेव, म्हणजे मशीन रिकामं असताना ते खाली येतं. लोड आल्यावर व्होल्टेज थोडं बसतं, ते किती बसू द्यायचं हे लोडलाइन कॅलिब्रेशन ठरवतं. ते मधल्या पायरीवर ठेव. काही बोर्डांवर मोठा आकडा म्हणजे कडक, काहींवर बरोबर उलटं, तेव्हा बाजूचा छोटा आलेख बघूनच निवड. सर्वांत कडक पायरी आकर्षक वाटते, कारण व्होल्टेज जराही बसत नाही. पण लोड अचानक सुटतो त्या क्षणी व्होल्टेज वर उसळी मारतं, आणि ती उसळी एचडब्ल्यूइन्फोला दिसतसुद्धा नाही.

तुझं लक्ष्य सगळ्या कोअरवर ४.८, लोडवर १.२२ च्या आसपास. वरचंच गणित लाव. फ्रिक्वेन्सी पावणेसात टक्के वर, वीज वीस टक्के वर, म्हणजे १५० वॅट. तुझ्या आताच्या कूलरवर ५२ अंश, अधिक ३८, म्हणजे ९०. बरोबर छताला टेकतोस. कूलर दोन टॉवरचा, सहा हीटपाइपचा घेतलास तर दर वॅटला ०.३० धर. ४५ अधिक ३८, म्हणजे ८३. मे महिन्यात मला हा आकडा चालतो. असे कूलर १५५ ते १६५ मिलिमीटर उंच असतात, घेण्याआधी कॅबिनेटच्या कागदावर कूलरची उंची बघ आणि बोर्डवरची रॅम आडवी येते का तेही. दार लागलं नाही म्हणून परत आलेले कूलर मी मोजणं सोडून दिलंय.

१.२२ ला ४.८ टिकलं नाही तर ०.०१ ने वाढव. १.२८ च्या वर जावं लागलं तर तुझी चिप तेवढीच आहे, ४.७ वर ये. तुझ्यासारख्या रोज सहा-सहा तास रेंडर करणाऱ्या मशीनला एअरवर लोडमध्ये १.३० च्या पुढे मी जात नाही. घाबरट म्हण हवं तर. उष्णतेने प्रोसेसर वेग पाडतो, हे खरं, पण जास्तीच्या व्होल्टेजने त्याची झीज होते आणि ती भरून येत नाही. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे प्रोसेसर क्रॅश होऊन खराब होत होते, ते प्रकरण आठव. त्यात मोठं कारण व्होल्टेजच निघालं. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या मायक्रोकोडने (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या अपडेटने) प्रोसेसरची व्होल्टेजची मागणी १.५५ च्या वर जाऊ नये अशी तजवीज केली, आणि त्या पिढ्यांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. जे झिजले होते ते मायक्रोकोडने बरे झाले नाहीत. तुझी बारावी पिढी त्यात नव्हती, पण भौतिकशास्त्र तेच आहे. आणि ओव्हरक्लॉकने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही, हेही लक्षात असू दे.

चाचणी तीन टप्प्यांत. सिनेबेंच दहा मिनिटं, मग ओसीसीटी हा ताण देणारा प्रोग्राम तासभर, मग तुझंच एखादं खरं लग्न, पूर्ण रेंडर. प्राइम९५ ची स्मॉल एफएफटी ही सर्वांत कडक चाचणी मेच्या दुपारी एअरवर चालवायच्या फंदात पडू नकोस, तुझं कुठलंही काम प्रोसेसरला इतकं पिळत नाही. प्रत्येक टप्प्यानंतर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (चुकांच्या नोंदवहीत) व्हिया-लॉगर नावाने काही आलंय का बघ. क्रमांक १९ दिसला तर प्रोसेसरने चूक केली आणि स्वतःच दुरुस्त केली, असा अर्थ. मशीन पडलेलं नसतं, स्कोअरही येतो, पोरं खूश होतात. मी तो ओव्हरक्लॉक नापास धरतो. आज दुरुस्त झालेली चूक उद्या एखाद्याच्या मुलीच्या सप्तपदीच्या फाइलमध्ये जाऊन बसेल.

आता थोडं कडू. एवढं करून तुझा एक तासाचा रेंडर फार तर ५६ मिनिटांवर येईल, तोही सगळं काम प्रोसेसरवर असेल तरच. १९९८ च्या इंटेलच्या सेलेरॉन ३००ए प्रोसेसरची बातच और होती. बोर्ड आणि प्रोसेसर जोडणाऱ्या बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की ३०० चा ४५० होई, दीडपट वेग जवळजवळ फुकट. त्या काळातच मला हा नाद लागला. नंतर एकदा हीटसिंक वाकडा बसवून काही सेकंदांत एक प्रोसेसर जाळला, त्याचा वास अजून नाकात आहे. तेव्हाच्या त्या चिपमध्ये स्वतःला वाचवायची सोयच नव्हती. आज कारखानाच टर्बोच्या नावाखाली उसाचा बराचसा रस काढून पाठवतो, आपल्या हाती चिपाड येतं.

तुला खरा वेळ दुसरीकडे सापडेल. तू सोनीसारख्या कॅमेऱ्याच्या १०-बिट ४:२:२ एचईव्हीसी (जास्त रंग-तपशील ठेवणाऱ्या, दाबलेल्या व्हिडिओच्या) फाइल कापत असशील तर तुझं ३०६० कार्ड त्या डिकोड करत नाही. तुझ्या प्रोसेसरच्या आतलं ग्राफिक्स, म्हणजे क्विक सिंक, ते करतं. पण वेगळं कार्ड लावलं की बरेच बोर्ड आतलं ग्राफिक्स बंद करून टाकतात. बायॉसमध्ये ते चालू कर, ड्रायव्हर टाक, एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये इंटेलचा डिकोडर निवड. अडखळणारी टाइमलाइन एवढ्याने सुरळीत झालेली मी पाहिली आहे, एकही मेगाहर्ट्झ न वाढवता.

एएमडीचे रायझन प्रोसेसरवाले वाचत असतील त्यांच्यासाठी दोन शब्द. ए३२०, ए५२० बोर्डांवर हा खेळ नाही, बी आणि एक्स मालिकेवर आहे. ५८००एक्स३डीचा गुणक (बेस क्लॉकला गुणून वेग ठरवणारा आकडा) बंदच आहे. ५६०० सारख्या प्रोसेसरवर फिक्स वेग लावण्यापेक्षा पीबीओ (एएमडीची आपोआप वेग वाढवणारी सोय) चालू करून त्यातलं व्होल्टेज कमी करणारं कर्व्ह ऑप्टिमायझर उणे १५ पासून सुरू करा. एक पायरी म्हणजे ३ ते ५ मिलिव्होल्ट. व्होल्टेज कमी होतं, त्यामुळे तापमान उतरतं, आणि उतरलेल्या तापमानात प्रोसेसर आपणहून जास्त वेग पकडतो. सोलापूरच्या हवेला याहून मानवणारा ओव्हरक्लॉक नाही. फसवं एवढंच, की हा लोडवर पडत नाही. रात्री मशीन रिकामं असताना पडतो. त्यासाठी एकेक कोअर पिळणारं कोअरसायकलर रात्रभर लावून ठेवा.

आणि मित्रा, बायॉस अपडेट करायचं असेल तर यूपीएसवर, तेही मशीन डिफॉल्टवर आणून. सेटिंग बिघडून स्क्रीनच आली नाही तर घाबरू नकोस. वायर काढ, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धर, बोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी पाच मिनिटं बाहेर ठेव आणि परत बसव, सगळं मूळपदावर येतं. आधी सफाई कर, यूपीएस हजार व्हीएच्या वरचा घे, आणि येत्या रविवारी दुपारी कारखान्याच्या सेटिंगवरचे ते पाच आकडे मला पाठव. खोलीचा आकडा विसरू नकोस.